संस्थेची आवक-जावक कोणाच्या खिशात?

आपल्याकडे संस्था काढायची म्हटली की काही गोष्टी ठरलेल्या असतात. सात जणांची कार्यकारिणी बनते, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी होते, गोल रबरी शिक्का येतो, लेटरहेड छापले जाते. शिक्का कोणाकडे राहील, चेकवर कोणाच्या सह्या चालतील यावर दोन-दोन बैठका होतात, आणि त्या झाल्याच पाहिजेत. मात्र लेटरहेडच्या तळाशी जो ई-मेलचा पत्ता छापलेला असतो, त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे हे बैठकीत कोणी विचारत नाही. तो पत्ता त्या वेळच्या सचिवाने स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलेला असतो. पुढे सचिव बदलतो. शिक्का हस्तांतरित होतो, पासबुक हस्तांतरित होते. टपाल मात्र जुन्या सचिवाच्याच खिशात राहते.

माझे स्पष्ट मत आहे की एखादी संघटना खरोखर संस्था आहे की एका माणसाचा कारभार, हे ओळखायची आजची सर्वांत सोपी खूण हा ई-मेलचा पत्ता आहे. मी समाजशास्त्राची एम. ए. आहे, संगणकाचे कोणतेही शिक्षण माझ्याकडे नाही. तरीही गेली काही वर्षे आमच्या संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर मी आणि अभ्यासिकेतली दोन मुले मिळून सांभाळतो. त्या अनुभवातून हे लिहीत आहे.

आमची संस्था तालुक्याच्या गावी एक अभ्यासिका आणि मुलींसाठी शिष्यवृत्ती मार्गदर्शन केंद्र चालवते. ओळखीतल्या एकाने संस्थेची वेबसाइट करून दिली आणि तिच्याबरोबर एक मेलबॉक्सही दिला. तेव्हाच्या सचिवांनी तो आपल्या घरच्या लॅपटॉपवर जोडून घेतला. पुढे त्यांची नोकरीत बदली झाली, ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले. नव्या सचिवांना पासवर्ड मिळाला, त्या अधूनमधून मेलबॉक्स उघडत, आणि तो बहुतेक वेळा रिकामा असे. कार्यकारिणीची समजूत अशी की आपल्याला पत्र लिहितोच कोण!

त्याच काळात केंद्रातल्या एका मुलीने परदेशातल्या विद्यापीठात अर्ज केला. शिफारसपत्रासाठी तिने संस्थेचा पत्ता दिला. विद्यापीठाकडून शिफारस भरण्याची लिंक वेळेवर आली. पण माजी सचिवांचा तो लॅपटॉप आता त्यांचा मुलगा अभ्यासाला वापरत होता. लॅपटॉप चालू केला की मेलचा प्रोग्राम आपोआप सुरू होई, संस्थेचे नवे टपाल ओढून घेई आणि सर्व्हरवरून पुसून टाकी. तीन आठवड्यांनी माजी सचिवांचा मला फोन आला, "ताई, हे तुमच्या संस्थेचं काहीतरी माझ्याकडे आलंय बघा." मुदत संपून दहा दिवस झाले होते.

मुलीचे एक वर्ष गेले. ज्या घरात मुलीच्या शिक्षणासाठी दर वर्षी नव्याने मुदतवाढ मागावी लागते, त्या घरात एक वर्ष म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला आणि ती गेली. पण मधल्या बारा महिन्यांत नातेवाइकांना काय काय उत्तरे द्यावी लागली, ते तिच्या आईलाच माहीत.

यात अप्रामाणिक कोण होते? कोणीही नाही. माजी सचिवांनी संस्थेसाठी पदरचे पैसे घातलेले आहेत. दोष रचनेत होता, आणि ती रचना समजून घ्यायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

फोनवर किंवा संगणकावर मेलचे खाते जोडताना दोन सर्व्हरची नावे विचारली जातात. एक इनकमिंग, दुसरा आउटगोइंग. सरकारी कार्यालयात आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात, तसेच हे आहे. आवक वेगळी, जावक वेगळी, दोन्हींचे नियम वेगळे.

आवक सर्व्हरशी बोलायच्या दोन पद्धती आहेत. पहिली पॉप. तिचे मूळ १९८४ सालातले. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून थोडा वेळ जोडणी मिळायची आणि एका माणसाकडे फार तर एक संगणक असायचा. त्यामुळे पॉपचा मूळ स्वभाव असा की पोस्टात जायचे, सगळे टपाल घरी घेऊन यायचे आणि पोस्टातला कप्पा रिकामा करायचा. दुसरी पद्धत आयमॅप. ती १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी तयार केली. आयमॅपमध्ये टपाल सर्व्हरवरच राहते. तीन माणसांनी तीन फोनवर उघडले तरी तिघांना तेच टपाल दिसते. एकाने वाचले की बाकीच्यांना ते वाचलेले दिसते, एकाने उत्तर दिले की तेही कळते. थोडक्यात, पॉप म्हणजे कागद घरी नेणे आणि आयमॅप म्हणजे नोंदवही कार्यालयात ठेवणे. पॉपमध्येही 'सर्व्हरवर प्रत ठेवा' असा पर्याय असतो. आमच्या त्या लॅपटॉपवर तो निवडलेला नव्हता. त्या एका चौकोनातल्या न केलेल्या खुणेने संस्थेचा सहा वर्षांचा पत्रव्यवहार दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन ठेवला.

मॅक्स वेबरने आधुनिक कार्यालयाची लक्षणे सांगितली आहेत. त्यात दोन गोष्टींवर त्याचा भर आहे. कारभार लेखी कागदांवर चालतो, आणि कार्यालय हे अधिकाऱ्याच्या घरापासून वेगळे असते. कागद पदाचे असतात, माणसाचे नसतात. एम. ए. च्या वर्गात हे वाचताना ते मला अगदीच रुक्ष वाटले होते. चळवळीत काम करू लागल्यावर कळले की आपल्या अर्ध्या भांडणांचे मूळ तिथेच आहे. संघटनेत गट पडतो तेव्हा विचार दोन होतात, झेंडे दोन होतात, पण कागद दोन होत नाहीत. ज्याच्या कपाटात फाइल, त्याची संघटना. दुसऱ्या गटाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून आपल्याकडे चाळीस वर्षांच्या संघटनेचा पत्रव्यवहार मागितला तर चार वर्षांचाही हाती लागत नाही.

खुद्द बाबासाहेबांच्या कागदपत्रांचे काय झाले ते आठवा. महापरिनिर्वाणानंतर ती अनेक वर्षे ताब्याच्या प्रश्नात अडकून कुलपात राहिली. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला तो १९७९ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी. एवढ्या मोठ्या माणसाच्या कागदांना ही वाट बघावी लागली, तर तालुक्यातल्या संस्थेच्या कागदांना कोण विचारतो? ते आपणच सांभाळायचे असतात.

म्हणून त्या प्रकारानंतर आम्ही ठरवले की पत्ता संस्थेचा, पेटी संस्थेची आणि चावीही संस्थेची. पहिले काम डोमेनचे. ई-मेलच्या पत्त्यात ॲट चिन्हाच्या डावीकडे माणूस किंवा पद असते, उजवीकडे त्या टपालाचा मालक असतो. फुकटच्या मेलमध्ये उजवीकडे कंपनीचे नाव असते, ते उगाच नाही. वेबसाइट करून देणाऱ्याने आमचे डोमेन स्वतःच्या नावावर घेतले होते. ते संस्थेच्या नावावर करून घ्यायला दोन महिने पाठपुरावा करावा लागला. तुम्ही आजच तपासा. बऱ्याच संस्थांचे डोमेन असेच दुसऱ्याच्या नावावर निघेल.

मग आम्ही महिन्याच्या भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतला. जावकेसाठी पोस्टफिक्स आणि आवकेसाठी डव्हकॉट हे दोन प्रोग्राम बसवले. पोस्टफिक्स हे विएत्से वेनेमा यांचे काम, १९९८ पासून लोकांच्या हाती आहे. डव्हकॉट फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनी २००२ मध्ये सुरू केले. दोन्ही फुकट मिळतात आणि त्यांचा आतला कोड कोणालाही वाचता येतो. डोमेनच्या नोंदीत एमएक्स नावाची ओळ घालावी लागते. 'या संस्थेचे टपाल अमुक सर्व्हरवर टाका' असे ती जगाला सांगते. टपाल वाटेत कोणी वाचू नये म्हणून कुलूप लागते. त्याचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून विनामूल्य मिळते, पण ते थोडेच दिवस चालते. ते आपोआप नवे होण्याची व्यवस्था पहिल्या दिवशीच लावावी. फोनमध्ये आवकेसाठी आयमॅप, पोर्ट ९९३. जावकेसाठी एसएमटीपी, पोर्ट ४६५ किंवा ५८७. पोर्ट २५ हा फक्त एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरशी बोलण्यासाठी आहे. अनेक सर्व्हर-कंपन्या तो सुरुवातीला बंद ठेवतात, अर्ज करून उघडून घ्यावा लागतो. आणि आपल्या लोकांशिवाय इतर कोणाचेही टपाल आपल्या सर्व्हरवरून बाहेर जाणार नाही, हे तपासूनच पुढे जायचे. नाहीतर जगभरचे फसवे टपाल तुमच्या दारातून निघेल.

आवक दोन दिवसांत सुरू झाली. खरी परीक्षा जावकेने घेतली.

जावकेचा नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिला. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या, सगळे एकमेकांना ओळखत. म्हणून पत्र पाठवणारा जे नाव लिहील ते खरे मानायचे, असा भाबडा विश्वास त्या नियमात आहे. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसेच. उद्या कोणी तुमच्या संस्थेच्या नावाने वर्गणीची मागणी करणारा मेल पाठवला, तर एसएमटीपी त्याला अडवत नाही. त्यासाठी नंतर तीन नोंदी आल्या. एसपीएफ सांगते की आमचे टपाल फक्त याच सर्व्हरवरून निघते. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर न दिसणारी मोहर उमटवते. ती मोहर खरी आहे का आणि पत्रात वाटेत फेरफार झाला का, हे घेणाऱ्याला तपासता येते. डीमार्क सांगते की मोहर आणि यादी जुळली नाही तर पत्राचे काय करायचे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी नियम कडक केले. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतले एक तरी सर्वांनाच लागते, आणि जो गुगलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवतो त्याला तिन्ही लागतात. आम्ही दिवसाला पन्नासही पाठवत नाही, तरी तिन्ही लावल्या.

एवढे करूनही पहिल्या आठवड्यात आमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जात होते, काही तर दारातूनच परत येत होते. कारण शोधले तेव्हा कळले की आम्हाला भाड्याने मिळालेला आयपी क्रमांक आधी दुसऱ्या कोणाकडे होता आणि त्याने त्यावरून स्पॅम पाठवले होते. तो क्रमांक काळ्या यादीत होता. काही याद्या तर एका क्रमांकासाठी शेजारच्या सगळ्या क्रमांकांना धरतात. आमच्या दोन मुलांना मला हे फार समजावावे लागले नाही. पुण्यात खोली शोधताना गावातल्या वस्तीचे नाव सांगितल्यावर घरमालकाचा चेहरा कसा बदलतो, हे त्यांनी पाहिलेले आहे. त्यातला एक म्हणाला, "ताई, म्हणजे इथंपण पत्त्यावरूनच ठरतंय."

ठरते, हे खरे. पण एक फरकही आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मेल नाकारणारा सर्व्हर ५५० असा क्रमांक देतो आणि बहुतेक वेळा त्यापुढे नाकारण्याचे कारण लेखी देतो. यादीतून नाव काढण्यासाठी अर्ज करता येतो. आम्ही अर्ज केला, उलट नोंद नीट करून घेतली, आणि काही दिवसांत नाव निघाले. पुढचे काही आठवडे थोडे थोडे टपाल पाठवत सर्व्हरची पत वाढवली. खोली नाकारणारा घरमालक कारण लेखी देत नाही आणि त्याच्याकडे अपिलाची खिडकीही नसते. म्हणून नियम लेखी असणे आणि नकार नोंदवला जाणे याला मी फार किंमत देते.

या नोंदीचा उपयोग लवकरच झाला. शिष्यवृत्तीच्या थकलेल्या हप्त्यांबद्दल आम्ही एका कार्यालयाला मेलने निवेदन दिले होते. महिन्याने विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "तुमचा मेल आलेलाच नाही." निवेदन द्यायला गेल्यावर आवक क्रमांक आणि पोच घेतल्याशिवाय परत यायचे नाही, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला शिकवलेले असते. मेलची पोच कुठून आणायची? ती सर्व्हरच्या नोंदीत असते. पलीकडच्या सर्व्हरने २५० हा क्रमांक दिला म्हणजे त्याने पत्र ताब्यात घेतले. आम्ही तारीख, वेळ, घेणाऱ्या सर्व्हरचे नाव आणि तो २५० छापून टेबलावर ठेवला. पंधरा मिनिटांत मेल सापडला, स्पॅममध्ये होता. हप्ते लगेच मिळाले असे नाही, पण 'आलेच नाही' हे उत्तर त्या टेबलावरून पुन्हा मिळाले नाही.

आता काही आक्षेप. पहिला आक्षेप नेहमीचा, "व्हॉट्सॲप आहे ना, मेल कशाला?" व्हॉट्सॲपवर बोलावणे होते, पत्रव्यवहार होत नाही. ग्रुपचा ॲडमिन रागावला की त्याने काढलेले कार्यकर्ते बाहेर. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी कागदाइतकी मान्यता दिली आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(१) मध्ये अर्ज इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही करता येतो असे म्हटले आहे. शासनाशी, विद्यापीठाशी, न्यायालयात नेण्याजोग्या बाबतीत बोलायचे तर नीट जपलेले पत्र हवे.

दुसरा आक्षेप, "फुकटचे खाते काय वाईट आहे?" व्यक्तीसाठी काहीच वाईट नाही. संस्थेसाठी वाईट आहे, कारण ते खाते कोणाच्या तरी नंबरवर उघडलेले असते आणि हरवलेला पासवर्ड त्या नंबरकडेच परत जातो. तो माणूस गेला, भांडला किंवा वारला की संस्था दाराबाहेर. गुगलच्या नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसलेही जाऊ शकते.

तिसरा आक्षेप खरा आहे, "सर्व्हर सांभाळणार कोण?" स्वतःचा सर्व्हर म्हणजे घरात गाय पाळण्यासारखे आहे, रोज बघावे लागते. सुरक्षेचे अपडेट, बॅकअप, भरत जाणारी डिस्क, रात्रीअपरात्री पासवर्ड फोडायला येणारे चोर. ज्यांच्याकडे दोन चिकाटीची मुले नाहीत, त्यांनी सर्व्हर चालवू नये. डोमेन संस्थेच्या नावावर घ्यावे आणि मेलबॉक्स एखाद्या चांगल्या कंपनीकडून भाड्याने घ्यावा. उद्या कंपनी पटली नाही तर एमएक्सची ओळ बदलायची आणि पत्ता तोच ठेवून दुसरीकडे जायचे. मालकी डोमेनमध्ये आहे. त्याचे वर्षाचे भाडे साधारण हजार रुपयांच्या आसपास येते. जयंतीला आपण चौकात किती फ्लेक्स लावतो आणि त्यातला प्रत्येक किती दिवस टिकतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

पत्ते पदांच्या नावाने ठेवावेत. सचिव, खजिनदार, अभ्यासिका. इंटरनेटच्या मानकांतही १९९७ पासून पदनामाच्या मेलबॉक्सची यादी दिलेली आहे, आणि पोस्टमास्टर हा पत्ता तर टपाल घेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरने ठेवायचाच असतो. आमच्याकडे माणूस बदलला की त्याच दिवशी पासवर्ड बदलतो, शिक्का आणि पासबुकाबरोबर हस्तांतराच्या यादीत त्याची नोंद होते. मुख्य पासवर्डचे बंद पाकीट संस्थेच्या कपाटात आहे, कपाटाच्या चाव्या दोघांकडे आहेत, आणि ते दोघे एका घरातले नाहीत. नवे आलेले सचिव पहिल्याच दिवशी मागची सगळी पत्रे वाचू शकतात. मागच्या कार्यकारिणीशी त्यांचे पटत नसले तरीही वाचू शकतात. हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन विषय घ्या. संस्थेचे डोमेन कोणाच्या नावावर आहे? मेलबॉक्सचा पासवर्ड किती जणांकडे आहे, आणि पासवर्ड हरवला तर तो कोणाच्या मोबाइलवर परत येतो? संस्थेचे टपाल एखाद्याच्या घरच्या संगणकावर पॉपने ओढले जात आहे का? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, त्यावर सह्या घ्या, आणि ज्याच्याकडे आज चावी आहे त्याचे आभार मानून ती संस्थेच्या कपाटात ठेवा.